जुनी जीप रिस्टोअर करण्याआधी तिचा पूर्वेतिहास कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की देवासजवळच्या एका शेतकऱ्याकडून जीप घेतलीत, 'महायुद्धातली, महूच्या लष्करातून निघालेली' असं त्याने सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात ती सँडब्लास्टिंगला जाणार आहे. मी इंदूरचाच. आधी ते सँडब्लास्टिंग थांबवा. गाडीचा निम्मा इतिहास तिच्या रंगाच्या थरांत असतो आणि वाळूचा मारा तो दहा मिनिटांत पुसून टाकतो.

महायुद्धाचं म्हणाल तर ती तेव्हाची नाही, हे तुमच्याच वर्णनावरून कळतंय. बोनेट उंच आहे, जाळीला सात फटी आहेत, मागे उघडणारं फळकं आहे. म्हणजे ही सीजे-३बी. तिच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा) वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या माथ्यात गेले, इंजिन उंच झालं, म्हणून बोनेट उचलावं लागलं. विलीज या अमेरिकन कंपनीने हे मॉडेल १९५३ साली आणलं आणि आपल्याकडे महिंद्राने ते पुढे कित्येक वर्षं बनवलं. युद्धातल्या जीपला नऊ फटी असत आणि मागचं फळकं उघडत नसे. लष्करात ती तरीही असू शकते. तसं असेल तर बंपरवर, रंगाखाली, वर टोक केलेला बाण आणि त्यापुढे वर्षाचे दोन आकडे मिळतील. मिळाले नाहीत तर उगाच हिरवा रंग देऊन पांढरा तारा काढू नका. प्रत्येक जुनी जीप लष्करी करून टाकायची ही पद्धत मला मनापासून खटकते. या गाड्यांनी धरणांच्या कामावर, जंगलखात्यात, दवाखान्यांत आयुष्य काढलंय. ते काम कमी मोलाचं नव्हतं.

माझीच गोष्ट सांगतो. मी जीप भंगारवाल्याकडून घेतली तेव्हा ती मरून रंगाची होती. काचेखालच्या डाव्या पत्र्यावर मी चारशे नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) घेऊन बसलो. पाणी मारत, एकाच दिशेने, अगदी हलक्या हाताने. (जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, मास्क लावा.) मरूनखाली पांढरा निघाला. पांढऱ्याच्या कडेला पिवळसर वेलांटी दिसली तसा पेपर बदलून हजारचा घेतला. तासाभराने 'रि' आला, मग त्याच्या अलीकडचा 'ले'. मलेरिया! देशात मलेरिया नियंत्रणाचा कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला आणि १९५८ पासून त्याला उन्मूलन म्हणू लागले. गावोगाव घरांच्या आतल्या भिंतींवर डीडीटी मारायला माणसं आणि पंप न्यायचे, तर निमाडातल्या तेव्हाच्या रस्त्यांवर जीपशिवाय कोण जाणार?

मागच्या फरशीत सहा भोकं होती, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. मिस्त्री म्हणाला, वेल्डिंग करून बुजवू. मी थांबलो. आरसी बुकात पहिली नोंद एका सरकारी आरोग्य कार्यालयाच्या नावे होती, म्हणून त्या गावी गेलो आणि कार्यालयासमोरच्या चहाच्या टपरीवर विचारत बसलो. तिसऱ्या खेपेला फवारणीच्या पथकात काम केलेले एक आजोबा भेटले. मी भोकांचा फोटो दाखवला. ते काही बोलले नाहीत, बोटाने त्या फोटोवरच एक चौकट काढली. मग म्हणाले, "यहाँ लकड़ी का खाँचा था, पंप खड़े रखने को. लेटा दो तो डंडी मुड़ जाती थी." एक जण पायाने पंपाची रिकीब (पाय ठेवायची कडी) दाबून दट्ट्या मारायचा, दुसरा नळी धरायचा, आणि घरातली बाई आधी सगळी भांडी बाहेर काढून ठेवायची, हे सगळं त्यांनी उभं राहून करून दाखवलं. ती भोकं आजही तशीच आहेत. 'मलेरिया'च्या पट्टीवर फक्त क्लिअर लॅकर मारलंय.

तेव्हा तुमच्या आरसी बुकातली सर्वांत जुनी नोंद आधी बघा. ती सरकारी खात्याची असेल तर त्या कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करा: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. 'गाडीची माहिती द्या' असं मोघम लिहू नका. लॉगबुक, स्टॉक रजिस्टरमधली नोंद आणि लिलावाची फाइल, अशी नावं घालून मागा. मधल्या खाजगी मालकांची नावं मागू नका, त्यावरच अर्ज अडतो. लॉगबुक मिळालं तर सोनंच, कारण त्यात प्रत्येक फेरी, किलोमीटर आणि सही असते. इंजिन नंबरही आरसीशी ताडून पाहा. पेट्रोल परवडेना म्हणून शेतकऱ्यांनी अशा कितीतरी जीपमध्ये डिझेल इंजिनं बसवली आहेत.

याला कायद्याचीही एक बाजू आहे. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हिंटेज नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. म्हणून काही कापण्याआधी, बदलण्याआधी सगळीकडचे फोटो काढून ठेवा, चासी नंबरच्या पट्टीच्या रिव्हेटसकट.

आज संध्याकाळी एवढंच करा. सीटखालच्या हत्यारांच्या पेटीचं झाकण काढून त्याची आतली बाजू ओल्या फडक्याने पुसा. तिथे रंगारी सहसा पोचलेला नसतो. कुठला रंग दिसतो ते इथे लिहा, मी वाट बघतोय.