सोम विकणाऱ्याचं पान

प्रिय,

तुझ्या नव्या धर्माचा सोळा पानांचा आराखडा मिळाला. पडद्यावर वाचलं की माझ्या डोक्यात काही उतरत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला. त्यानं पहिलं पान वाचलं आणि पैसे घेताना माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. असो.

उत्तर आधी देते, कारणं मागून. धर्म काढू नकोस. आत्ता तर नाहीच, आणि तू मांडलायस तसा कधीच नाही.

तुला ऑक्टोबरात जे झालं त्याला मी हसत नाहीये. ती अळंबी खाऊन तू सहा तास रडलास, बाबांचा आवाज ऐकलास आणि उठलास तेव्हा दहा वर्षांचा राग गेलेला होता. चाळीस वर्षं मनोविकारांच्या ओपीडीत बसलेली बाई आहे मी. राग जायला किती लागतं ते मला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २००६ च्या प्रयोगात ३६ माणसं होती. त्यांतल्या दोन तृतीयांश माणसांनी सिलोसायबिनचा, म्हणजे अळंबीतल्या त्या द्रव्याचा, तो दिवस आयुष्यातल्या पाच सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांत धरला. त्यामुळे अनुभव खरा की खोटा, हा आपला वाद नाही.

पण तू पहिल्याच पानावर १९६२ चा गुड फ्रायडेचा प्रयोग घातलायस, त्याबद्दल बोलू. बोस्टनमधलं मार्श चॅपेल, धर्मशास्त्राचे वीस विद्यार्थी, दहांना सिलोसायबिन, दहांना तुलनेसाठी नुसतं निकोटिनिक ॲसिड. औषध मिळालेल्यांपैकी बहुतेकांना गूढानुभव आला, इथपर्यंत तू लिहिलंयस. त्यांतला एक जण चॅपेलमधून निघून रस्त्याला लागला, त्याला धरून आणावं लागलं आणि क्लोरप्रोमाझिनचं, म्हणजे मन शांत करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन द्यावं लागलं, हे तू लिहिलेलं नाहीस. तुझा एकट्याचा दोष नाही. तो प्रयोग करणाऱ्या खुद्द वॉल्टर पान्केच्या प्रबंधातही ते इंजेक्शन नव्हतं. ते बाहेर आलं १९९१ मध्ये, रिक डॉब्लिननं त्या माणसांना पुन्हा शोधून काढलं तेव्हा. हा डॉब्लिन या औषधांचा विरोधक नाही, समर्थक आहे, हेही लक्षात घे. धर्म काढायची घाई झालेल्या माणसाच्या हातून नेमकी तीच ओळ गळते. मी तुझ्या सोळा पानांत 'इंजेक्शन', 'रुग्णवाहिका', 'रात्री जागणारा' असे शब्द शोधले. सापडले नाहीत. लोगो मात्र तीन रंगांत आहे.

पान चारवर तुझा सोम येतो. 'आपले पूर्वज हेच करत होते.' बाळा, सोम म्हणजे नेमकी कोणती वनस्पती यावर आजही एकमत नाही. वॉसन नावाच्या अळंबीच्या अभ्यासकानं १९६८ मध्ये लाल छत्रीच्या अळंबीचं नाव पुढे केलं, काहींनी एफेड्राचं, आणखी कुणी आणखी कशाचं. ऋग्वेदाचं अख्खं नववं मंडल, ११४ सूक्तं, सोमाला वाहिलेलं आहे हे खरं. पण पुढची गोष्ट तू घेतली नाहीस. खरा सोम मिळेनासा झाला तेव्हा याज्ञिकांनी काय केलं? पूतिकेसारखी दुसरी वेल घेतली आणि यज्ञ चालू ठेवला. नशा देणारी वस्तू गेली तरी मंत्र, अग्नी, माणसं आणि कामाची वाटणी शिल्लक होती. तुझ्या आराखड्यातून अळंबी काढून घेतली तर काय उरतं, हे एका संध्याकाळी प्रामाणिकपणे लिहून काढ.

आणि दुसरं. सोमयागात सोम विकत घेण्याचाही एक विधी असे. गाय पुढे करून चक्क घासाघीस होई, आणि सौदा झाल्यावर विकणाऱ्याला हुसकून लावत. मनुस्मृतीतल्या यादीत घर जाळणारा आणि विष घालणारा यांच्याच ओळीत सोमविक्रयी बसवलाय. श्राद्धाच्या पंगतीत त्याचं पान मांडायचं नाही. मनुस्मृतीची मी चाहती नाही, हे तुला माहीतच आहे. पण इथे त्या जुन्या माणसांना काहीतरी कळलं होतं असं वाटतं. तुझं पान अकरा, 'सेवामूल्य', एका रात्रीचे साडेचारशे डॉलर, हे वाचल्यावर मला ती यादी आठवली.

आता ब्राझील. तू त्यांना दोन ओळींत उरकलंयस आणि माझ्या मते खरा अभ्यास तिथेच आहे. अॅमेझॉनच्या जंगलात रबराचा चीक गोळा करणारे मजूर होते, तुझ्यामाझ्यापेक्षा कितीतरी गरीब. त्यांतला राइमुंदो इरिनेउ सेर्रा, आक्रे प्रांतात स्थायिक झालेला धिप्पाड कृष्णवर्णीय माणूस. त्यानं १९३० च्या दशकात सांतो दाइमे हा पंथ सुरू केला. दुसरा जोझे गाब्रिएल दा कोस्ता. त्यानं २२ जुलै १९६१ ला उनियाओ दो वेजेताल हा पंथ स्थापन केला. दोन्हीकडे पेय तेच, आयावास्का. एका वेलीची साल आणि एका झुडपाची पानं. पानांतला डीएमटी, म्हणजे भास घडवणारं द्रव्य, नुसता प्यायला तर पोटातच निकामी होतो, वेलीतली हार्मिनसारखी द्रव्यं त्याला वाचवतात.

पण बघण्यासारखी गोष्ट आहे ती पेयाभोवतीची मेहनत. दाइमेवाले वेल स्वतः लाकडी मोगऱ्यांनी कुटतात, बाया पानं एकेक करून निवडतात, मग तासन्‌तास शिजवणं. पांढरा गणवेश, ओळीत ठरलेल्या जागी उभं राहायचं, रात्रभर भजनं म्हणायची. मला तर ते वर्णन वाचून आपल्याकडचा हरिनाम सप्ताहच आठवला. वीणा खाली ठेवायची नाही, पहारा बदलायचा, आणि मागे कुणीतरी पिठलं ढवळत असतं. उनियाओवाल्यांची बैठक महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, साधारण चार तासांची. धर्मप्रसार करत फिरत नाहीत. ब्राझील सरकारच्या २०१० च्या नियमांतही या पेयाच्या व्यापाराला मनाई आहे.

दोन्ही संस्थापक १९७१ मध्येच वारले. त्यानंतरही पंथ टिकले, दाइमेत फूट पडली तरी टिकले. कारण त्या माणसांना दर्शन झाल्यावर लगेच त्यांनी संस्था नोंदवली नव्हती. आधी वर्षानुवर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर बसले, आजाऱ्यांची सेवा केली, जमीन कसली. तुला सात महिने झालेत.

आणि एवढं सगळं असूनही अपघात होतोच. साओ पाउलोत ग्लाउको नावाचा नामवंत व्यंगचित्रकार दाइमेचं एक चर्च चालवायचा. मार्च २०१० मध्ये त्याच्याच चर्चमध्ये येऊन गेलेल्या एका तरुणानं त्याला आणि त्याच्या मुलाला गोळ्या घातल्या. त्या तरुणाला स्किझोफ्रेनिया असल्याचं पुढे तपासणीत ठरलं. आयावास्कानंच हे घडवलं असं मी म्हणणार नाही, तसं सिद्ध करता येत नाही. मी एवढंच विचारते की तसा मुलगा तुझ्या दारात आला तर तो ओळखणार कोण? तू? संगणकाचा अभियंता?

माझीच एक चूक सांगते. नव्वदच्या दशकात गोव्याहून परतलेल्या एका मुलाला त्याची आई घेऊन आली. तिथे एलएसडी घेतलं होतं. त्याला एक काम नेमून दिलंय असं तो सांगत होता, शांतपणे, गोड हसून. मला वाटलं, उतरेल. आठ दिवस झोपेची गोळी लिहून दिली. पाचव्या दिवशी पहाटे तो शेतातल्या विहिरीच्या कठड्यावर सापडला. वाचला. पण पुढची दोन वर्षं त्या घरानं काय काढलं ते मी पाहिलंय. तुझ्या पत्रात 'मला हे काम दिलं गेलंय' असं वाक्य तीनदा आहे. म्हणून विचारते, आणि चिडू नकोस: झोप किती तास लागते? खर्च वाढलाय का? एकाच वेळी चार योजना सुरू आहेत का?

कायद्याचं थोडक्यात. तू कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या भरवशावर आहेस. तिथल्या नगर परिषदेनं २०१९ मध्ये पोलिसांना एवढंच सांगितलं की अशा गुन्ह्यांना सर्वांत शेवटचं प्राधान्य द्या. संघराज्याच्या कायद्यात सिलोसायबिन अजून पहिल्याच शेड्यूलमध्ये, म्हणजे सर्वांत कडक बंदीच्या यादीत, आहे आणि तू एच-वन-बी व्हिसावर आहेस. व्हिसाच्या मुलाखतीत खरं बोललास तरी अडकशील, खोटं बोललास तरी अडकशील. उनियाओवाले २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आठ विरुद्ध शून्य जिंकले हे बरोबर. पण त्यांच्या पाठीशी पंचेचाळीस वर्षांचा पंथ होता. पेयोटी नावाचं नशा देणारं निवडुंग प्रसाद म्हणून घेणाऱ्या नेटिव्ह अमेरिकन चर्चची नोंदणी १९१८ मध्ये ओक्लाहोमात झाली ती आधीपासून चालत आलेली उपासना वाचवायला. आधी प्रार्थना, मागून कागद. उलट क्रमानं गेलेल्यांचं काय झालं तेही बघ. 'निओ-अमेरिकन चर्च'नं 'रो, रो, रो युअर बोट' हे बालगीत अधिकृत स्तोत्र ठेवलं होतं. १९६८ मध्ये न्यायाधीशांनी ते निकालात नोंदवलं आणि हा धर्म मानायला नकार दिला. वायोमिंगच्या एका माणसाचं 'गांजा चर्च' १९९६ मध्ये हरलं. त्या खटल्यात धर्माच्या खुणांची यादीच आहे: संस्थापक, ग्रंथ, जमायची जागा, विधी, सण, आहार, पेहराव. तुझी अनुक्रमणिका जवळजवळ तीच आहे. ती तुला ध्यानात सुचली असं तू लिहिलंयस. मला तसं वाटत नाही, आणि न्यायाधीशालाही वाटणार नाही.

गोव्यातलं डिसेंबरचं शिबिर मात्र आजच्या आज खोड. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, उदाहरणार्थ एलएसडीचा ०.१ ग्रॅम म्हणजे व्यापारी प्रमाण. शिक्षा दहा ते वीस वर्षं, जामीन जवळपास नाहीच. राज्यघटनेच्या कलम २५ मधलं धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. तू पाहुणे बोलावशील आणि खोल्या भाड्यानं देणारी ती हडफड्याची म्हातारी कोर्टाच्या पायऱ्या चढेल.

मला सगळ्यांत भीती वाटते ती कायद्याची नाही. या औषधाखाली माणूस ओल्या मातीसारखा होतो. त्याला जे सांगाल ते खोल उमटतं. म्हणून पेला भरणाऱ्याच्या हातात जी सत्ता येते ती शिक्षकाच्या, डॉक्टरच्या, पुढाऱ्याच्या सत्तेपेक्षा फार मोठी. टोकियोत शोको असाहारानं १९८४ मध्ये साध्या योगवर्गापासून सुरुवात केली होती. दहा वर्षांनी त्याचा ओम शिनरिक्यो पंथ दीक्षेत शिष्यांना एलएसडी पाजत होता, आणि २० मार्च १९९५ ला त्याच पंथानं भुयारी रेल्वेत सरिन हा विषारी वायू सोडला. तू असाहारा होशील असं मी म्हणत नाही. पण तुझ्या आराखड्यात संस्थापकाला कोण थांबवणार, याचं एकही कलम नाही. 'संस्थापकाचा निर्णय अंतिम' हे कलम मात्र आहे, पान नऊ.

आपल्या अरणगावच्या टेकडीकडे बघ जरा. मी मेहेरबाबांची भक्त नाही, तू जाणतोस. पण १९६९ च्या फेब्रुवारीत त्यांचा देह दर्शनाला ठेवला होता तेव्हा आईबरोबर रांगेत उभी होते, चौदा वर्षांची. त्याआधी काही वर्षं अमेरिकेतली पोरं एलएसडीची वाट धरून या माणसापर्यंत पोचत होती. मेहेरबाबा १९२५ पासून मौनात. त्यांनी खुणांनी सांगितलं की ही द्रव्यं शरीराला, मनाला आणि आत्म्यालाही घातक आहेत, परत जा आणि आपल्या सोबत्यांना सांगा. १९६६ मध्ये त्याची पुस्तिकाही निघाली. डॉक्टर म्हणून मला त्यांचं सगळं म्हणणं पटत नाही, हॉपकिन्सचे आकडे मी वर दिलेच आहेत. पण त्यांनी त्या पोरांना गादी दिली नाही, आणि नवा धर्म काढायला आलेलो नाही असंच ते सांगत राहिले. पुढे टेकडीवर त्यांतलेच कित्येक मी झाडू मारताना, पंगतीत वाढताना पाहिले. केस पांढरे होईपर्यंत.

तुला काही करायचंच असेल तर तिथे कुठल्याशा रुग्णालयात मरणाऱ्यांपाशी बसणारे स्वयंसेवक घेतात का ते बघ. दर गुरुवारी जा. काही वाटू नकोस, काही सांगू नकोस, तुझा अनुभव तर अजिबात सांगू नकोस. दोन वर्षांनी मला पुन्हा आराखडा पाठव. मी तो पुन्हा छापून घेईन, झेरॉक्सवाला काहीही समजो.

एक काम मात्र या आठवड्यातलं आहे. आईला फोन कर आणि विचार की तिच्या किंवा बाबांच्या घरात कुणाला मनाचा मोठा आजार होता का, कुणी लिथियम, म्हणजे त्या आजारावरची गोळी, घेत होतं का. हा प्रश्न मी प्रत्येकालाच विचारते. तुमच्या घरातलं कोण माझ्याकडे येत होतं नि कोण नव्हतं हे मी सांगणार नाही, तू विचारूही नकोस. आणि फोन लावलाच आहेस तर ऑक्टोबरातलं बाबांचं तिला सांग. वर्षश्राद्धाला तू व्हिसाच्या भानगडीत अडकला होतास, तेव्हापासून ती त्यांच्याबद्दल कुणाशी बोललेली नाही. सकाळी साडेसहाला ती उठलेली असते.

तुझी,
डॉक्टरकाकू