कोरफडीचा चीक, कोरफडीचा गर आणि काळा बोळ

एका वाचकांचा प्रश्न असा: घरातल्या जुन्या वहीत बाळंतिणीच्या औषधांमध्ये नुसता ‘बोळ’ लिहिला आहे आणि पुढच्याच पानावर मुक्या मारावरच्या लेपात ‘काळा बोळ’ आहे. ओळखीच्या वैद्यांनी सांगितलं की काळा बोळ म्हणजे कोरफड. पण कोरफडीचा गर तर काचेसारखा स्वच्छ असतो, मग तो काळा कसा? कुमारी, घृतकुमारी, एळिया हे सगळं एकच का? आणि मुळात ‘कोरफड’ हा शब्द आला कुठून?

वैद्यांचं बरोबर आहे, फक्त अर्धं वाक्य राहून गेलं. काळा बोळ कोरफडीपासूनच होतो, पण गरापासून नाही, चिकापासून. आणि नुसता बोळ म्हणजे कोरफड नव्हेच, ते वेगळ्याच झाडाचं डिंकासारखं द्रव्य.

कोरफडीचं एक पान बुडाशी आडवं कापून उभं धरा. कापलेल्या तोंडाशी, हिरव्या सालीच्या अगदी लगत, कडेकडेने पिवळे थेंब जमायला लागतात. मधला गर तसाच स्वच्छ राहतो, पिवळं जे काही येतं ते सालीखालच्या बारीक नळ्यांतून. वाटीत थोडा वेळ ते ठिबकू दिलं की रंग गडद होत तपकिरीकडे झुकतो. वास उग्र, चव इतकी कडू की जिभेवरून लवकर जात नाही. हा चीक. रुईचा चीक, फणसाचा चीक म्हणतो तोच शब्द. (खरवसाचा चीक आणि गव्हाचा चीक हे त्याच शब्दाचे आणखी दोन संसार, त्यांत आत्ता शिरत नाही.) चीक निथळल्यावर पान धुऊन, काटेरी कडा काढून, साल सोलली की आत उरतो तो गर: बुळबुळीत, जवळजवळ बेचव, आणि जवळपास सगळा पाणीच. गर कडू लागला तर समजावं की चीक नीट निथळलेला नाही.

हे दोन्ही एकाच पानातले, पण औषध म्हणून त्यांची कामं उलट. चिकात अ‍ॅलोइन नावाचं द्रव्य असतं. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्याचं रूप बदलतात आणि मग ते रेचक ठरतं. म्हणून परिणाम लगेच दिसत नाही, ६ ते १२ तास जातात, आणि मात्रा थोडी जास्त झाली तर पोटात मुरडा येतो. गराचा उपयोग मुख्यतः बाहेरून: भाजलेल्या जागी, उन्हाने पोळलेल्या कातडीवर, कोरड्या पडलेल्या त्वचेवर. मराठीत यांना पहिल्यापासून दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळे ठेवले की वहीतली निम्मी कोडी आपोआप सुटतात.

आता बोळ. संस्कृत ‘बोल’, मराठी ‘बोळ’ किंवा ‘हिराबोळ’. अरबस्तान आणि सोमालियाकडच्या कोरड्या मुलखात वाढणाऱ्या एका काटेरी झुडपाच्या सालीतून हा पाझरतो आणि तांबूस-पिवळ्या खड्यांसारखा वाळतो. संस्कृतात त्याला ‘गंधरस’ असंही नाव आहे, कारण त्याला सुगंध आहे. बाळंतिणीच्या औषधांत नुसता ‘बोळ’ लिहिला असेल तर बहुधा हाच. काळा बोळ मात्र कोरफडीचा चीक आटवून केलेला. पानं कापून त्यांची तोंडं उताराच्या पन्हळीत ठेवायची, चीक आपसूक गळू द्यायचा, मग तो उन्हात किंवा विस्तवावर आटवायचा. भराभर उकळून आटवला तर काळा, काचेसारखा चकचकीत तुकडा होतो. सावकाश आटवला तर काळिजाच्या रंगाचा, मंद. याच वस्तूला मराठीत ‘एळिया’, हिंदीत ‘एलुवा’ किंवा ‘मुसब्बर’ आणि वैद्यांच्या संस्कृतात ‘कुमारीसार’ किंवा ‘कन्यासार’ म्हणतात. पाळीच्या तक्रारींवरच्या रजःप्रवर्तिनी वटीत जो कन्यासार पडतो तो हाच, सोबत हिंग, टाकणखार आणि कासीस.

दोन्हींना ‘बोळ’ का म्हटलं असावं, हे उघड आहे. दोन्ही झाडातून गळलेले, वाळून खडा झालेले, कडू, आणि उगाळून लावायचे. व्यवहारात लोक रंगरूपावरून नाव देतात, वनस्पतीचं कूळ पाहून देत नाहीत. ‘काळा’ हे विशेषण त्या गोंधळावरचाच इलाज होता. पण वहीत लिहिणारा घाईत असला की विशेषण गळतं, आणि वाचणाऱ्याच्या वाट्याला चुकीची वस्तू येते. इथे चूक नुसती शब्दाची राहत नाही. कोरफडीचा चीक गर्भारपणात आणि अंगावर पाजणाऱ्या आईने पोटात घेऊ नये असं आजचं औषधशास्त्र स्पष्ट सांगतं. तेव्हा जुन्या यादीत बोळ दिसला की कुठला बोळ हे जाणत्या वैद्यांना दाखवून ठरवा, अंदाजाने नको. मुक्या मारावर उगाळून लावायचा काळा बोळ हा बाहेरून लावायचा आहे, त्याची गोष्ट वेगळी.

‘मुसब्बर’ शब्दाजवळ जरा थांबतो, कारण त्याचा एक नातलग आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. अरबीत कोरफडीच्या या कडू द्रव्याला ‘सबिर’ म्हणतात, आणि त्याच तीन व्यंजनांच्या धातूवरून ‘सब्र’, म्हणजे धीर. त्यावरूनच आपली ‘सबूर’ आणि ‘सबुरी’. ‘मुसब्बर’ही त्याच धातूचा, तेव्हा ‘मुसब्बर’ आणि ‘सबुरी’ यांचं मूळ असं एका घरचं निघतं. कडू गिळून गप्प राहणं म्हणजे धीर, असं अरबी भाषिकांनी खूप काव्यात खेळवलं आहे, पण तो खेळ त्यांच्या भाषेत जेवढा सहज बसतो तेवढा आपल्याकडे बसत नाही.

आता कुमारी. भावमिश्रांनी १६व्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात तिची नावं एका ओळीत दिली आहेत: ‘कुमारी गृहकन्या च कन्या घृतकुमारिका’. चारही नावं कोरफडीचीच. घृत यासाठी की आतला गर तुपासारखा स्निग्ध. कुमारी का, यावर सांगितलं जाणारं कारण असं की ती कायम ताजी, टवटवीत राहते. उपटून ठेवली तरी बरेच दिवस सुकत नाही आणि मातीला टेकली की पुन्हा फुटते. गृहकन्या हे नाव मला सगळ्यांत लोभस वाटतं. जंगलातून शोधून आणायची वनौषधी नव्हे, दाराशी वाढणारी.

पुढची ओळ आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने जास्त कामाची: ‘कुमारी भेदनी शीता तिक्ता नेत्र्या रसायनी’. भेदनी म्हणजे कोठ्यातला घट्ट मळ फोडून बाहेर काढणारी. शीता, थंड. तिक्ता म्हणजे कडू (इथे मराठी माणूस हमखास फसतो: संस्कृत ‘तिक्त’ म्हणजे आपलं कडू, आणि संस्कृत ‘कटु’ म्हणजे आपलं तिखट). आणि लगेच पुढच्या ओळीत तीच कुमारी ‘मधुरा बृंहणी बल्या’, म्हणजे गोड, शरीर भरणारी, बळ देणारी. एकाच दमात कडू आणि गोड, फोडून काढणारी आणि भरणारी. हे विसंगत वाटतं ते पान एकच पदार्थ आहे असं धरलं तर. चीक आणि गर वेगळे करून वाचलं की भेदनी-तिक्ता एकीकडे जातात, शीता-बृंहणी दुसरीकडे, आणि पुढे येणारे ‘अग्निदग्ध’ आणि ‘त्वगामय’, म्हणजे भाजणं आणि त्वचेचे विकार, गराकडे. ग्रंथकाराने अशी वाटणी शब्दांत केलेली नाही, हा माझा वाचनाचा मार्ग आहे. पण श्लोक असा वाचला की मला तो जास्त उलगडतो.

म्हणूनच ‘कोरफडीचा रस’ या शब्दप्रयोगावर माझा राग आहे. रस म्हणजे नक्की काय? सबंध पान ठेचून पिळलेलं पाणी? त्यात चीक आला. नुसता गर घुसळून पातळ केलेला? त्यात चीक नाही, निदान नसावा. औषधी ग्रंथांत ‘कुमारीस्वरस’ येतो तेव्हा तो वैद्याच्या हातातला, मात्रा ठरलेला पदार्थ असतो. रसशास्त्रात कुमारीच्या रसाची ‘भावना’ देतात, म्हणजे चूर्ण किंवा भस्म त्या रसात भिजवून खलत राहतात, रस जिरून सुकेपर्यंत. (भावना या शब्दाचा हा अर्थ आपल्या बोलण्यातून पार गेला. वाईट वाटतं.) पण आज बाटलीवर नुसतं ‘रस’ लिहिलेलं असतं, तेव्हा पिणाऱ्याला तो गराचा की सबंध पानाचा हे कळायला हवं. हा फरक किरकोळ नाही. कोरफडीचा चीक रेचक म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानात विकण्यास सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाही, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ साली ठरवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सबंध पानाच्या अर्काला ‘माणसात कर्करोगाला कारण ठरू शकेल’ अशा गटात घातलं आहे. हे चीक असलेल्या सबंध पानाच्या अर्काबद्दल आहे, भाजल्यावर लावायच्या गराबद्दल नव्हे. मराठीत ‘गराचा रस’ किंवा ‘चीक काढलेला रस’ असं लिहिणं अवघड आहे का? दोन शब्द तर वाढतात.

‘एलोवेरा जेल’ला माझी फारशी हरकत नाही. निदान ‘जेल’मुळे गर आहे हे कळतं. लॅटिन ‘वेरा’ म्हणजे खरी. वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत बसवणाऱ्या लिनीअसने १७५३ मध्ये ‘वेरा’ हा फक्त एक पोटप्रकार म्हणून नोंदवला होता. त्याला स्वतंत्र जातीचा मान १७६८ मध्ये निकोलास बर्मनने दिला, आणि त्याच वर्षी काही दिवसांच्या फरकाने फिलिप मिलरने तिलाच ‘बार्बाडेन्सिस’ असं नाव दिलं. आधीचं नाव टिकतं या नियमाने ‘वेरा’ जिंकलं. जुन्या पुस्तकांत दोन्ही नावं दिसतात, झाड एकच.

‘कोरफड’ची व्युत्पत्ती. दोन तुकडे स्पष्ट आहेत: कोर आणि फड. फड म्हणजे नागाची फणा, आणि तसंच दिसणारं निवडुंगाचं चपटं, जाड अंग. ‘फड्या निवडुंग’ आठवा. म्हणजे ‘फड’ पानाच्या जाड, मांसल आकारावरून. वाद आहे तो ‘कोर’चा. एक वाट सरळ मराठीतली: कोर म्हणजे कड, जशी भाकरीची कोर किंवा चंद्रकोर. कोरफडीच्या पानाला काटेरी कड असते, तेव्हा अर्थ बसतो. दुसरी वाट कुमारीकडून येते. शब्दाच्या मध्ये असलेल्या ‘म’चा ‘व’ होणं हा आपल्या भाषांचा नेहमीचा बदल: ग्राम-गाव, आमलक-आवळा, कोमल-कोवळा, तसंच कुमार-कुंवर. हिंदीतली ‘घीकुवार’ आणि गुजरातीतली ‘कुंवार’ याच वाटेने आल्या. सिंहलीत तर अजून ‘कोमारिका’ म्हणतात. मराठीत त्या कुंवारचा ‘कोर’ व्हायला ध्वनीची काही अडचण नाही. माझा कौल दुसऱ्या वाटेला, कारण शेजारच्या इतक्या भाषांनी या झाडाला कुमारीवरूनच हाक मारली असताना एकट्या मराठीने कडेवरून नाव घ्यावं हे पटत नाही. कन्नडने मात्र ‘लोळेसर’ असं नाव देऊन आतल्या बुळबुळीतपणालाच हात घातला. त्या नावातलं ‘लोळे’ म्हणजे चिकट, बुळबुळीत द्रव.

जाता जाता व्याकरण. कोरफड स्त्रीलिंगी आहे, आणि तिचं सामान्यरूप ‘कोरफडी-’: कोरफडीचा गर, कोरफडीला पाणी. ‘कोरफडचा’ आणि ‘कोरफडाचा’ हे दोन्ही हल्ली दिसतात. पहिल्यात सामान्यरूपच उडालं, दुसऱ्यात लिंग बदललं. भिंत-भिंतीचा, विहीर-विहिरीचा, तसंच कोरफड-कोरफडीचा. आणि कुमारीपासून होणाऱ्या आसवाचं नाव ‘कुमार्यासव’. ‘कुमारी आसव’ असं सुटं लिहिलं तरी चालेल, पण ‘कुमारासव’ नको.

शेवटी एक सावधगिरी, प्रश्नात नसली तरी. बांधावर लावलेल्या घायपाताला, म्हणजे केकताडाला, बरेचजण जंगली कोरफड म्हणतात. ती कोरफड नव्हे. घायपात मूळची अमेरिकेतली, कूळही वेगळं, आणि तिचा रस कातडीला लागला तर आग होते, पुरळ उठतं. ओळखायला सोपं आहे: कोरफडीचं पान मोडलं की कट्टकन तुटतं आणि आत गर दिसतो, घायपाताचं मोडता मोडत नाही, कारण आत वाख असतो, ज्याचे दोर वळतात. फुलोऱ्यावरूनही कळतं. कोरफड वर्षानुवर्षं फुलत राहते, घायपात आयुष्यात एकदाच उंच दांडा काढते आणि मरते.