किलोचा भाव की ऑर्डरचा भाव?

प्रश्न: मी सोलापुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतात. कॉलेजात ॲक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग (एबीसी), म्हणजे वरखर्च ज्या कामामुळे होतो त्यानुसार मालावर वाटायची पद्धत, शिकवलं, पण बाबा म्हणतात, "आमच्याकडे सगळा खर्च किलोवर पडतो, तुमचं एबीसी परीक्षेपुरतं." मला सीएमए (कॉस्ट अँड मॅनेजमेंट अकाउंटंट) करायचं आहे. याचा सोलापुरात उपयोग होईल का, की पुणे गाठावं?

उत्तर: बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. एकाच जातीचा माल आणि साधारण सारख्या मापाच्या ऑर्डरी असतील तर किलोवर खर्च टाकणं पुरेसं आहे. तिथे एबीसी लावलं तरी जवळपास तोच आकडा येईल आणि मेहनत वाया जाईल. एकाच छपराखाली हॉटेलचा साधा पांढरा टॉवेल आणि नाव विणलेला जॅकार्ड टॉवेल निघू लागला, की किलोचा हिशेब फसवायला लागतो.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. सूत, रंगाई आणि विणकराची मजुरी सोडून महिन्याचा वरखर्च 6,00,000 रुपये. माल 20,000 किलो, त्यात साधा 18,000 आणि जॅकार्ड 2,000. जुन्या पद्धतीने दोन्हींवर किलोमागे 30 रुपये पडतात. साध्याचा थेट खर्च 240 आणि विक्री 275, म्हणजे नफा 5 रुपये. जॅकार्डचा थेट खर्च 290 आणि विक्री 370, म्हणजे नफा 50. हे पाहून कुठलाही मालक म्हणेल, जॅकार्ड वाढवा.

आता तेच सहा लाख कामानुसार वाटू. मागावरचं बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) आणि डिझाइन बदलण्यावर 2,00,000 खर्च झाले आणि महिन्यात 40 बदल झाले, म्हणजे एका बदलाला 5,000. त्यातले साध्याचे 10, जॅकार्डचे 30. ऑर्डरीचे कागद आणि माल रवाना करणं यावर 90,000 लागले. ऑर्डरी 30, म्हणजे प्रत्येकी 3,000. साध्याच्या 6, जॅकार्डच्या 24. तपासणीचे 1,10,000 रुपये 440 तासांवर वाटले तर तासाला 250. साध्याचे 264 तास, जॅकार्डचे 176. वीज, देखभाल आणि घसारा मिळून 2,00,000, यंत्रतास 5,000, दर 40. साध्याचे 4,300 तास, जॅकार्डचे 700. वहीत मांडून बघ: साध्यावर 3,06,000 येतात, म्हणजे किलोला 17. जॅकार्डवर 2,94,000 येतात, म्हणजे किलोला 147! साध्याचा नफा 5 नसून 18 निघतो आणि जॅकार्डमध्ये किलोमागे 67 रुपये तोटा.

कारखान्याचा एकूण नफा मात्र दोन्ही पद्धतींनी 1,90,000 इतकाच राहतो. म्हणूनच ताळेबंद बघून ही चूक कधी सापडत नाही.

बहुतेक विद्यार्थी इथे थांबतात आणि उत्तरपत्रिकेत 'जॅकार्ड बंद करावे' असं लिहून मोकळे होतात. आणखी एक पायरी खाली उतर. जॅकार्डच्या 147 पैकी 111 रुपये फक्त बदल आणि कागद यांचे आहेत. एका ऑर्डरला 9,250 रुपये पडतात आणि सरासरी ऑर्डर जेमतेम 83 किलोची आहे. हाच टॉवेल तेवढ्याच बदलांत 500 किलोच्या ऑर्डरीने विणला, तर हा भाग किलोला 18.50 वर येतो आणि तोट्याऐवजी 25.50 नफा उरतो. ना नफा ना तोटा अशी रेघ साधारण 210 किलोवर पडते. दोष जॅकार्डचा नाही, ऑर्डर लहान आहे. मालकाला सांगायचं ते एवढंच: 210 किलोच्या खाली ऑर्डर आली तर किलोच्या भावाखेरीज बदलाचे वेगळे पैसे लावा. किलोच्या हिशेबातून हे वाक्य कधीच निघालं नसतं.

चुका कुठे होतात तेही आताच समजून घे. पहिली चूक बदल नुसते मोजण्याची. टेरी (लूपवाल्या टॉवेलच्या) मागावर दोन बीम असतात, एक पायाच्या कापडाच्या ताण्याचं आणि एक लूपच्या ताण्याचं. इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर नुसतं डिझाइन बदलायचं तर फाइल बदलली की झालं. बीम बदलायला मात्र बराच वेळ जातो. दोन्हींना 'एक बदल' म्हटलं तर 5,000 चा दर खोटा ठरतो. अशा वेळी बदलाचे तास मोजावेत. दुसरी चूक जॉबरला (मागांची देखरेख करणाऱ्या मुकादमाला) 'कुठल्या कामात किती टक्के वेळ जातो' असं विचारण्याची. उत्तरांची बेरीज कायम शंभर होते, रिकामा वेळ कुणीच सांगत नाही. बदल करणारी टोळी 50 बदल करू शकत असेल आणि 40 च झाले असतील, तर दर 4,000 धर आणि उरलेले 40,000 न वापरलेल्या क्षमतेचे म्हणून वेगळे दाखव. तिसरी चूक गोदामाचं भाडं, वॉचमनचा पगार असले खर्चही ओढूनताणून एखाद्या मालावर बसवण्याची. ते कारखान्याचे खर्च आहेत, तिथेच राहू देत. आणि हे आकडे सरळ शिल्लक मालाच्या किमतीत घालू नकोस. विक्री आणि ऑफिसचे खर्च स्टॉकमध्ये धरत नाहीत, तो हिशेब लेखा मानकांप्रमाणेच करायचा.

राहिला प्रश्न नोकरीचा. 'एबीसी येतं का' असं विचारून सोलापुरात तुला कुणी घेणार नाही. टॅली, जीएसटी आणि एक्सेल यावर आत शिरशील आणि कोटेशन काढताना तुझी किंमत कळेल. कायद्याच्या सक्तीवर फार भिस्त ठेवू नकोस. 2014 च्या कॉस्ट रेकॉर्ड्स आणि ऑडिटच्या नियमांत कापड आणि साखर दोन्ही आहेत, पण ते कंपन्यांना लागू होतात आणि रेकॉर्डसाठीच उलाढाल 35 कोटींची लागते. कापडात ऑडिटसाठी एकूण 100 कोटी आणि त्या मालाची 35 कोटी. साखरेत 50 आणि 25. मालकी किंवा भागीदारीतले यंत्रमाग कारखाने त्यात येतच नाहीत. जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ, पण सहकारी आणि खासगी कंपनी यांतला फरक इथे महत्त्वाचा आहे.

सीएमए जरूर कर. पदवीनंतर फाउंडेशन ही पहिली परीक्षा लागत नाही, थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. दोन ग्रुप आहेत, परीक्षा जून आणि डिसेंबरला. प्रत्यक्ष प्रशिक्षण 15 महिन्यांचं असतं. माझं मत विचारशील तर ते पुण्यात एखाद्या इंजिनिअरिंग कारखान्यात कर, कारण सुटे भाग, सेटअप आणि बॅच यांचं वैविध्य तिथे जास्त बघायला मिळतं. नंतर सोलापूरला परत यायचं की नाही ते तेव्हा ठरव.

त्याआधी मालकांची परवानगी काढून बाबांकडून मागच्या महिन्याची ऑर्डरवही बघायला माग. जॉबरकडे एक साधी वही दे: तारीख, माग नंबर, काय बदललं, माग किती वाजता थांबला, किती वाजता सुरू झाला. चार आठवडे रोज भरून घे. वरच्या हिशेबात माझे आकडे काढून ते घाल. 210 च्या जागी कितीही आलं, तरी तो आकडा बाबांसमोर ठेव आणि गेल्या महिन्यातल्या किती ऑर्डरी त्याच्या खाली होत्या ते त्यांनाच मोजायला सांग.