रेडमंडच्या अंगणातल्या पाट्या आणि एका मतदारसंघाचे तीन आमदार

प्रश्न : मुलीकडे वॉशिंग्टन राज्यात, रेडमंडला आलो आहे. संध्याकाळी फिरायला गेलो की घरांपुढच्या हिरवळीत पाट्या दिसतात : ‘स्टेट रिप्रेझेंटेटिव्ह, डिस्ट्रिक्ट ४८, पोझिशन १’. हा ४८वा जिल्हा का? पोझिशन १ म्हणजे थोरला आमदार आणि २ म्हणजे धाकटा का? आणि ही मंडळी निवडून येतात तरी कशी?

उत्तर :

‘धाकटा आमदार’ वाचून हसू आलं, पण तुम्हाला नाही हसले. मी इथे नवीन होते तेव्हा मला वाटायचं की पोझिशन १ म्हणजे मागच्या वेळी पहिला आलेला. नवऱ्यालाही मी तसंच ठासून सांगितलं होतं.

आधी ‘डिस्ट्रिक्ट’चा घोळ मिटवू. आपण ज्याला जिल्हा म्हणतो त्याला इथे काउंटी म्हणतात. तुम्ही सध्या किंग काउंटीत आहात, सिएटलही तिच्यातच येतं. पाटीवरचा डिस्ट्रिक्ट म्हणजे राज्याच्या विधिमंडळाचा मतदारसंघ. त्याला नाव नसतं, नुसता आकडा. आपल्याकडे ‘कसबा पेठ’ म्हटलं की गल्ल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात, इथे ‘अठ्ठेचाळीस’ म्हटलं तर काही उभं राहत नाही. त्यातून गावाची हद्द आणि मतदारसंघाची हद्द यांचा संबंध असेलच असं नाही. एकट्या रेडमंडचे तुकडे ४५ आणि ४८ अशा दोन मतदारसंघांत आहेत, त्यामुळे फिरता फिरता पाट्यांवरचा आकडा बदलला तर चकवा लागला असं समजू नका.

राज्यात असे ४९ मतदारसंघ आहेत. प्रत्येकातून एक सिनेटर आणि दोन प्रतिनिधी निवडले जातात, म्हणजे सिनेटमध्ये ४९ आणि प्रतिनिधीगृहात ९८ जण. प्रतिनिधींची मुदत दोन वर्षांची, सिनेटरची चार. दर दोन वर्षांनी साधारण निम्मे सिनेटर निवडणुकीला उभे राहतात. वरचं सभागृह म्हटल्यावर आपल्याला विधान परिषद आठवते : पदवीधर, शिक्षक, राज्यपालनियुक्त. तसलं इथे काही नाही. दोन्ही सभागृहं थेट जनतेच्या मतांवर, आणि दोन्ही लोकसंख्येच्या हिशेबानं. देशाच्या सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला, लहान असो की मोठं, दोनच जागा मिळतात. राज्यांना मात्र ती चैन नाही. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की राज्याच्या विधिमंडळाची दोन्ही सभागृहं समान लोकसंख्येच्या मतदारसंघांवरच उभी राहिली पाहिजेत.

२०२०च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ७७,०५,२८१ भरली. तिला ४९नं भागलं की एका मतदारसंघात साधारण १ लाख ५७ हजार माणसं येतात. मतदार नव्हे, माणसं. लहान मुलं, ग्रीन कार्डवाले, व्हिसावर आलेले सगळे त्यात धरतात. २०१०च्या जनगणनेत आम्ही दोघं व्हिसावर होतो. मतदारसंघ आखताना आमची डोकी मोजली गेली, मत मात्र नव्हतं. आपली निम्मी मंडळी इथे वर्षानुवर्षं अशीच ‘मोजलेली’ असतात. तुम्ही त्यातही नाही. पाहुणे मोजत नाहीत.

आता पोझिशनचं. तुम्ही पुण्याचे असाल तर हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. २०१७च्या महापालिका निवडणुकीत चार नगरसेवकांचे प्रभाग होते आणि आपण अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं मत दिलं होतं. पोझिशन १ आणि पोझिशन २ म्हणजे तेच, ‘अ’ आणि ‘ब’. मतदारसंघ तोच, मतदार तेच, पण लढती दोन आणि एकमेकींपासून साफ वेगळ्या. निवडून आल्यावर दोघांचा अधिकार, पगार, मत सगळं सारखंच. फरक एवढाच की आपल्या प्रभागात अ, ब, क, ड ला आरक्षण चिकटलेलं असतं, इथे नाही. (आपल्याकडे विधानसभेला आणि लोकसभेलाही एके काळी दोन सदस्यांचे मतदारसंघ होते. १९५२ साली बाबासाहेब लोकसभेला हरले तो मुंबई उत्तर तसाच होता. १९६१च्या कायद्यानं ती पद्धत गेली.)

आरक्षण नाही म्हटल्यावर उमेदवारानं १ घ्यायची की २? ज्याची त्याची मर्जी. खरं राजकारण इथेच सुरू होतं, कारण जागा निवडणं म्हणजे प्रतिस्पर्धी निवडणं. पहिल्या जागेवर मुरलेला आमदार बसला असेल तर नवखा माणूस दुसरीकडे अर्ज भरतो, किंवा मुद्दाम त्याच्याच अंगावर जातो. याचं उत्तम उदाहरण आपल्या पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या क्षमा सावंत यांचं. २०१२ साली त्या सिएटलमधल्या ४३व्या मतदारसंघात पोझिशन १ साठी उभ्या होत्या. मतपत्रिकेवर प्रत्येक लढतीखाली एक रिकामी ओळ असते, तिथे मतदार स्वतःच्या हातानं कुणाचंही नाव लिहू शकतो. ऑगस्टच्या प्राथमिक फेरीत (तिच्यातले पहिले दोघं नोव्हेंबरच्या अंतिम लढतीत जातात) पुरेशा लोकांनी पोझिशन २ च्या ओळीवरही ‘सावंत’ लिहिलं आणि बाई दोन्ही लढतींत दुसऱ्या आल्या! दोन्हीकडून तर लढता येत नाही. त्यांनी पोझिशन २ निवडली, कारण तिथे समोर होते फ्रँक चॉप, प्रतिनिधीगृहाचे सभापती. नोव्हेंबरमध्ये त्या हरल्या, पण समाजवादी म्हणून उभं राहून सभापतीसमोर साधारण २९ टक्के मतं घेतली, आणि पुढच्याच वर्षी सिएटलच्या नगर परिषदेवर निवडून आल्या. एक आमदार, एक जागा असती तर ही खेळी जमलीच नसती.

शेजारच्या आयडाहोतही असंच आहे, तिथे ‘ए’ आणि ‘बी’ म्हणतात. ॲरिझोनात मात्र दोन्ही प्रतिनिधींची लढत एकच : प्रत्येकाला दोन मतं, सगळ्यांत जास्त मतं मिळवणारे दोघं आत. अमेरिकेत ‘राज्याचा मतदारसंघ’ म्हणजे एकच एक प्रकार नव्हे, हे ध्यानात ठेवा. न्यू जर्सीतल्या भाच्याशी वाद घालायच्या आधी तर नक्कीच.

निवडून कसे येतात? मे महिन्यात आठवडाभर अर्ज घेतात. ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी प्राथमिक फेरी आणि नोव्हेंबरमध्ये अंतिम. देशात बऱ्याच ठिकाणी प्राथमिक फेरीत प्रत्येक पक्ष आपापला उमेदवार ठरवतो. इथे तसं नाही. सगळ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकाच यादीत, आणि पहिले दोघं पुढे जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. लोकांनी २००४ साली थेट मतदानानं हा नियम केला, पक्ष त्याविरुद्ध कोर्टात गेले, आणि २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. म्हणूनच मतपत्रिकेवर नावाखाली ‘डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार’ असं नसतं, ‘डेमोक्रॅटिक पक्ष पसंत’ अशा अर्थाचे शब्द असतात. म्हणजे उमेदवाराला पक्ष पसंत आहे. पक्षाला उमेदवार पसंत आहे की नाही, ते मतपत्रिका सांगत नाही. आपल्याकडे एबी फॉर्मसाठी रात्रभर पक्ष कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना हे ऐकवलं तर विश्वास बसायचा नाही.

मतदान केंद्र, शाई, बटण यांतलं काही नाही. अठरा दिवस आधी मतपत्रिका घरी टपालानं येते, सोबत उमेदवारांची माहितीपुस्तिका. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहा घेत भरायची, लिफाफ्यावर सही करायची आणि मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत पेटीत टाकायची. टपालानं पाठवलीत तर त्या दिवसापर्यंतचा शिक्का हवा, तिकीट लावावं लागत नाही. माझ्या पहिल्या मतदानाच्या वेळी मी हौसेनं लिफाफ्यावर देवनागरीत सही ठोकली. नोंदणीतली सही इंग्रजीत. आठवड्यानं पत्र आलं : सही जुळत नाही, हा कागद भरून पाठवा. चूक माझीच. कागद पाठवला, मत मोजलं गेलं. तेव्हापासून लग्नानंतर बँकेत शिकलेली ती वेडीवाकडी इंग्रजी सही मी इमानेइतबारे करते. निकालही आपल्यासारखा दुपारपर्यंत लागत नाही. मंगळवारी रात्री पहिले आकडे येतात आणि पुढे कित्येक दिवस बदलत राहतात.

हद्दी कोण आखतं? दर दहा वर्षांनी एक आयोग. दोन्ही सभागृहांतल्या दोन्ही पक्षांचे नेते एकेक सदस्य नेमतात, असे चार, आणि मताचा अधिकार नसलेला एक अध्यक्ष. चारपैकी तिघांचं एकमत लागतं, म्हणजे कुणा एका पक्षाला एकट्यानं नकाशा लाटता येत नाही. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात २०२१ साली या चौघांची १५ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत इतकी ओढाताण झाली की मुदतच चुकली, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो उशिराचा नकाशा चालवून घेतला. पुढे याकिमा खोऱ्यातल्या लॅटिनो मतदारांनी दावा लावला. सफरचंदं आणि बिअरला लागणारे हॉप्स पिकवणारा हा भाग, मजूर बहुतेक मेक्सिकन वंशाचे. तिथला १५वा मतदारसंघ असा आखलाय की आमच्या मतांचं पाणी होतं, हे त्यांचं म्हणणं २०२३ साली फेडरल न्यायाधीशांनी मान्य केलं आणि २०२४च्या निवडणुकीआधी त्या भागाच्या रेषा पुन्हा ओढल्या गेल्या. महाराष्ट्रात आपण अजून २००१च्या जनगणनेवर आखलेल्या हद्दींत मतं देतोय. त्यामुळे दर दहा वर्षांचं हे भांडण मला तरी बरंच वाटतं.

आता जे पाटीवर कधीच लिहिलेलं नसतं ते. ‘निवडून कसे येतात’ याचं आमच्या भागातलं खरं उत्तर बरेचदा ‘आधी नेमले जातात’ असं आहे.

तुमच्या ४८व्याचंच बघा. २०१६ साली इथले सिनेटर सायरस हबीब लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपराज्यपाल, झाले. त्यांच्या जागी प्रतिनिधी पॅटी कुडरर यांना सिनेटमध्ये नेमलं, आणि कुडरर यांच्या रिकाम्या जागेवर भारतीय वंशाच्या वंदना स्लॅटर यांना. २०२४ साली कुडरर राज्याच्या विमा आयुक्त झाल्या. २०२५च्या जानेवारीत स्लॅटर सिनेटवर, आणि त्यांच्या जागी पुन्हा एक नेमणूक. तीच शिडी, दुसऱ्यांदा. पुढच्या निवडणुकीत लोकांसमोर जावं लागतंच, पण तोवर नावामागे पद लागलेलं असतं आणि पाटीवर ‘यांनाच कायम ठेवा’सारखं काहीतरी छापता येतं.

ही नेमणूक राज्यपाल करत नाहीत. आधीचा आमदार ज्या पक्षाचा, तो पक्ष तीन नावं देतो आणि काउंटीची परिषद त्यातलं एक निवडते. ती तीन नावं कोण ठरवतं? प्रिसिंक्ट कमिटी ऑफिसर. प्रिसिंक्ट म्हणजे जास्तीत जास्त दीड हजार मतदारांचा तुकडा, आपल्या बूथएवढा, आणि त्याचा पक्षाचा हा एक माणूस. पदही निवडणुकीचंच, सम वर्षांच्या ऑगस्टमध्ये. एकच अर्ज आला तर मतपत्रिकेवर नावही येत नाही, थेट निवड. कित्येक प्रिसिंक्टमध्ये अर्जच येत नाहीत. म्हणजे दीड लाखांच्या मतदारसंघाचा आमदार कुणी व्हावं, याची पहिली चाळणी एका शाळेच्या हॉलमध्ये मावतील एवढी माणसं लावतात. आपल्याकडे सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते, पैसा वाहतो, सगळं खरं. पण विचारतात तरी सगळ्यांना.

याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की बाई एकतर्फी बोलतात. २०१६ साली शेजारच्या ४५व्या मतदारसंघाचे रिपब्लिकन सिनेटर अँडी हिल वारले. त्यांच्या जागी डिनो रॉसी नेमले गेले, आणि २०१७च्या नोव्हेंबरमध्ये उरलेल्या मुदतीसाठी निवडणूक झाली. सिनेटचं बहुमत तेव्हा एका मतावर लटकत होतं. भोपाळमध्ये जन्मलेल्या, सरकारी वकील असलेल्या मनका धिंग्रा जिंकल्या आणि अख्ख्या सिनेटची सत्ता डेमोक्रॅट्सकडे गेली. त्या वर्षी आमच्या दारावर जेवढ्या थापा पडल्या तेवढ्या ना त्याआधी पडल्या ना त्यानंतर. मी तेव्हा नागरिक नव्हते. दार उघडून ‘मला मत नाही हो’ म्हटलं की बिचारे पत्रक तरी घ्या म्हणायचे.

तुमच्या मुलीला मत असेल तर ऑगस्टचा लिफाफा जाहिरातींच्या गठ्ठ्यात फेकू नकोस म्हणून सांगा. आमच्या ओळखीत निम्म्या घरांत तो तसाच जातो. नसेल, तर राज्याच्या राजधानीत, ऑलिंपियात, जानेवारीत अधिवेशन सुरू होतं, सम वर्षी ६० दिवस आणि विषम वर्षी १०५. कुठल्याही विधेयकावर समितीपुढे साक्ष देता येते, घरबसल्या व्हिडिओवरूनसुद्धा. मी व्हिसावर असताना एकदा गाडी काढून तिथे गेले होते, भाडेकरूंच्या एका विधेयकासाठी. नाव विचारलं, गाव विचारलं. नागरिक आहात का, हे कुणीच विचारलं नाही.