आगीत होरपळलेली वडिलांची येझदी परत चालू होईल का?

तुम्ही विचारलंय की घराच्या पार्किंगमध्ये शॉर्ट सर्किटने आग लागली, वडिलांची येझदी रोडकिंग ही जुनी मोटारसायकल त्यात होरपळली आणि मिस्त्री म्हणतोय भंगारात घाला. तर ती परत उभी राहील का? माझ्या मते बहुतेक राहील. पण काळी पडलेली गाडी नुसती बघून हे कुणालाच सांगता येणार नाही, मिस्त्रीलाही नाही आणि मलाही नाही. आगीत सगळी गाडी सारखी तापत नाही. कुठला भाग किती तापला ते आधी शोधावं लागतं.

आमच्या कोल्हापूरच्या घरामागे पत्र्याची शेड होती. तिथे इन्व्हर्टरची वायर जळाली आणि शेजारी आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, रोडकिंग उभी होती. टाकीला जुनं भोक होतं, ते डाक देऊन बुजवलेलं. कथिल-शिशाचा डाक 183 अंशांच्या आसपास सुटायला लागतो. तो सुटला, पेट्रोल खाली सांडलं आणि मग गाडीच पेटली. सीट, टायर, वायरिंग, सगळं गेलं. आण्णा पुढे कित्येक महिने शेडकडे फिरकले नाहीत. म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

विमा असेल तर गाडीला हात लावण्याआधी कंपनीला कळवा, फोटो काढा, अग्निशमन दलाचा दाखला घ्या. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात आगीचं नुकसान मिळत नाही. पूर्ण विमा असेल आणि दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला, तर कंपनी गाडी 'टोटल लॉस', म्हणजे पूर्ण गेलेली, धरते. मग ती तुमच्याकडेच ठेवायची आहे हे सुरुवातीलाच लेखी सांगा.

कंपनीचा माणूस बघून गेला की त्याच दिवशी गाडी धुवा. आम्ही इथेच चुकलो. दुःखात आठवडा घालवला आणि तेवढ्यात जे आगीतून वाचलं होतं ते गंजलं. वायरींचं पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो हवेतल्या ओलाव्याशी मिळून आम्ल बनतो आणि काजळीसोबत धातूवर बसून राहतो. आग विझवायला पावडरचा सिलिंडर वापरला असेल तर ती पावडरही ओल धरून धातू खाते. सायलेन्सर आणि कार्बोरेटरची तोंडं चिंध्यांनी घट्ट बंद करा, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून गाडी धुवा, मग साध्या पाण्याने धुवून सुकवा आणि हलका तेलाचा हात फिरवा. हातमोजे आणि मास्क हवाच. आणि कितीही मोह झाला तरी किक मारू नका. आत राख किंवा पावडर गेली असेल तर एका किकमध्ये बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, ओरखडे पडतात.

आता कुठला भाग किती तापला ते ओळखायचं. कार्बोरेटरपासून सुरू करा. जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे, ते 380-390 अंशांना ढासळतात. शुद्ध ॲल्युमिनियम 660 ला वितळतं, इंजिनातले त्याचे मिश्रधातू त्याच्या थोडं आधी. कार्बोरेटर शाबूत असेल तर इंजिनाची केस, हेड आणि सिलिंडर वाचण्याची आशा खूप मोठी. आमचा कार्बोरेटर एका बाजूने मेणासारखा ओघळला होता, पण क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या केसची, कड जशीच्या तशी होती. तिथेच मी ठरवलं की ही गाडी भंगारात जाणार नाही.

वितळलं नाही म्हणजे धड आहे असं मात्र नाही, आणि खरा धोका इथेच आहे. ॲल्युमिनियम 200-250 अंशांतच मऊ पडू शकतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. चाकाचा हब, म्हणजे तारा अडकतात तो मधला भाग, मऊ पडला तर तारा ताणल्यावर भोकं फाटतील, आणि हे रस्त्यावर कळण्यात अर्थ नाही. आम्ही दोन्ही हब उद्यमनगरात नेले. कोल्हापुरात फाउंड्र्या, म्हणजे धातू ओतायचे कारखाने, आहेत, तिथे कडकपणा मोजायचं यंत्र सहज मिळतं. मित्राच्या न जळलेल्या रोडकिंगचा हबही सोबत नेला, म्हणजे तुलना करता आली. पुढचा हब ठीक निघाला, मागचा मी टाकून दिला. जीव तुटला, पण टाकला.

बेअरिंग पुसून बघा: पिवळसर छटा म्हणजे 220-230 अंश, निळी म्हणजे 300 च्या जवळ. निळ्या पडलेल्या बेअरिंगचा कडकपणा गेला. खरं तर छटा नसली तरी सगळी बेअरिंग, ऑईल सील, चेन आणि चाकाच्या तारा नव्याच घाला, इथे पैसे वाचवू नका. फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) स्प्रिंग चांगल्या गाडीच्या स्प्रिंगशेजारी ठेवून लांबी मोजा, बसलेली स्प्रिंग लगेच कळते. कॉइल आणि डायनॅमोच्या वाइंडिंगचं वॉर्निश जळलेलं असतं, ते पुन्हा गुंडाळून मिळतं. चेसिस साध्या पोलादी पाइपची असते, आगीने त्या पोलादाचा फारसा बिघाड होत नाही, पण ती वाकलेली नाही ना हे दोन्ही चाकांना दोरी लावून तपासा. टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर आधी रिकामी करून, नीट धुवून, वरपर्यंत पाणी भरूनच करणाऱ्याकडे द्या. उरलेल्या वाफेने स्फोट होतो.

चेसिसवरचा नंबर मात्र जपा. सँडब्लास्टिंगला (वाळूच्या माऱ्याने गंज-रंग काढायला) देताना त्यावर चिकटपट्टी लावा. तो पुसला गेला तर स्वतः ठोकून घेऊ नका, तो गुन्हा आहे. आरटीओत अर्ज करा.

पार्टसाठी धीर धरावा लागेल. म्हैसूरचा कारखाना 1996 मध्येच बंद झाला. 2022 ला येझदी हे नाव परत आलं, पण ती चार स्ट्रोकची, पाण्याने थंड होणारी गाडी, तिचे इंजिनाचे पार्ट आपल्याला उपयोगी नाहीत. जुन्या बाजारात एकेक वस्तू शोधत आम्हाला अकरा महिने लागले. टाकीचा रंग कुठला द्यायचा हे विचारायला मी आण्णांना शेडमध्ये बोलावलं, तेव्हा ते पहिल्यांदा आत आले. त्यानंतर रोज यायला लागले.

तुमच्या वडिलांनाही धुण्याच्या दिवशीच सोबत घ्या. आणि कार्बोरेटर, मागचा हब आणि बोटाने पुसलेलं एखादं बेअरिंग, या तिन्हींचे उजेडात काढलेले फोटो इथे टाका. ते बघून इंजिन उघडायचं की नाही हे मी बरंच खात्रीने सांगू शकेन.