हेवी वेट उचलून बॉडी खरंच बदलते का? तीनदा जिम सोडली, मोटिव्हेशन टिकवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की वय ३६, वजन ९४, दिवसभर खुर्चीत बसून काम, तीनदा जिमचे पैसे भरले आणि तिन्ही वेळा दीड-दोन महिन्यांत सुटलं, आणि आता मित्र म्हणतोय की मशिनी सोड, बार (दोन्ही टोकांना प्लेटी लावायची लोखंडी दांडी) धर, हेवी उचल. तर हो, बदलते. माझी बदललीय म्हणून सांगते. मी ४३ वर्षांची आहे, सांगलीत एका पतसंस्थेत काउंटरला बसते, दोन मुलं आहेत. बार पहिल्यांदा हातात धरला तो ३९ व्या वर्षी, २०२२ च्या जानेवारीत. तेव्हा वजन ७८ आणि उंची पाच फूट दोन इंच. आज वजन ६९ आहे. चार वर्षांत नऊच किलो, तुम्हाला कमी वाटतील, पण तेव्हा ३० किलोची डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहायचं) जीव काढायची आणि आज १०० किलो जमिनीवरून उचलते. ब्लाउज शिवणाऱ्या काकांनी जुन्या मापाचं पान फाडून नवीन माप घेतलं, खांद्याला आणि दंडाला वाढवावं लागलं आणि कंबरेला चांगले चार इंच कमी. वजनकाटा यातलं काही सांगत नाही.

सुरुवात गॅस सिलिंडरपासून झाली. गॅसवाला सिलिंडर दारात ठेवून गेला, घरात मी एकटी. भरलेला सिलिंडर म्हणजे आत १४.२ किलो गॅस आणि टाकीचं वजन वेगळं, ते टाकीवर लिहिलेलं असतं, साधारण १५-१६, म्हणजे सगळं मिळून ३० किलो. मला तो उंबऱ्यावरून आत घेता येईना. तिरका करून फिरवत आणला तर फरशीचा टवका उडाला आणि कंबरेत अशी कळ आली की आठवडाभर वाकता येत नव्हतं. पडल्या पडल्या एकच डोक्यात होतं, माझ्या आईने रोज विहिरीवरून पाण्याच्या घागरी आणल्या, आजी शेतातून गवताचा भारा डोक्यावर घेऊन यायची आणि मी चाळिशीच्या आत ३० किलोपुढे हात टेकले.

मग पहिली जी जिम लावली तिथे तीन महिने मला ट्रेडमिल आणि दोन-दोन किलोचे डंबेल्स दिले. मी बार मागितला तर ट्रेनर म्हणाला, मॅडम, हेवी मारलं की बायकांची बॉडी पुरुषांसारखी होते. हे खोटं आहे, आणि या एका वाक्यामुळे किती बायका ताकदीपासून लांब राहिल्यात याचा मला अजून राग येतो. बायकांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं हार्मोन, पुरुषांच्या मानाने फारच कमी असतं, स्टेजवरच्या बॉडीबिल्डरसारखं शरीर कुणालाच चुकून मिळत नाही, त्यासाठी लोक वर्षानुवर्षं खपतात. तीन महिन्यांनी मी ती जिम सोडली आणि एका जुन्या व्यायामशाळेत गेले, पत्र्याचं छप्पर, एसी नाही, पण बार ठेवायचा रॅक होता, बार होता आणि शिकवणारे सर होते ज्यांनी स्वतः उमेदीत पॉवरलिफ्टिंग केलेलं.

आता मोटिव्हेशनचं. तुम्ही तिन्ही वेळा दीड-दोन महिन्यांत सोडलंत ना, तो काळ मला फार ओळखीचा वाटला. नवीन माणूस वजन उचलायला लागला की पहिले दीड-दोन महिने ताकद भराभर वाढते, पण ती बहुतेक मज्जासंस्थेची करामत असते, म्हणजे मेंदू आणि नसा आहेत त्याच स्नायूंना जास्त नीट कामाला लावायला शिकतात. स्नायू डोळ्याला दिसेल एवढा वाढायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे बरोबर दीड महिन्याला आरसा सांगतो की काहीच झालं नाही, आणि त्याच दिवशी बारवरचा आकडा सांगत असतो की तू दुप्पट झालास. तुम्ही आरशाचं ऐकलंत. बहुतेक सगळे तेच ऐकतात आणि जिम सुटते.

मी वाचले ते वहीमुळे. पतसंस्थेत आयुष्य गेलंय, त्यामुळे लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. दोनशे पानी वही घेतली, तारीख, व्यायाम, किलो, रेप (एका दमात किती वेळा उचललं), सेट (असे किती फेरे), बास. आणि आमच्याकडची पिग्मी तुम्हाला माहीत असेलच, एजंट रोज दुकानात येतो, कुणी ५० देतो कुणी १००, पावती होते, वर्षाअखेर आकडा बघून माणूस स्वतःच चकित होतो. आता त्या दुकानदाराला काय रोज सकाळी बचत करायचं मोटिव्हेशन येतं का हो? एजंट चार वाजता दारात उभा राहतो म्हणून पैसे जातात. वजनांचं मी तसंच केलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सव्वासहा, कामावरून परस्पर, घरी जायचंच नाही, कारण घरी गेलं की चहा होतो आणि चहा झाला की पाय निघत नाही. आणि प्रत्येक वेळी बारवर फक्त अडीच किलो जास्त. सव्वा किलोची एक प्लेट इकडे, एक तिकडे. हीच माझी पिग्मी.

हिशोब करून बघा. मोठा बार नुसताच २० किलोचा असतो (बायकांचा १५ चा), तुम्ही रिकाम्या बारने स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन खाली बसून उठायचं) सुरू केलं आणि आठवड्यातून तीनदा अडीच-अडीच वाढवलं तर आठवड्याला साडेसात किलो होतात, आठ आठवड्यांत ६०, म्हणजे कागदावर तुम्ही ८० वर पोचता. प्रत्यक्षात मध्ये कुठेतरी अडकाल, सगळेच अडकतात, पण ६०-७० तरी तुमच्या वयाच्या धडधाकट पुरुषाला जमायला हरकत नाही. ज्या दीड-दोन महिन्यांत तुमची जिम सुटते त्याच दीड-दोन महिन्यांत वहीतला आकडा आयुष्यात परत कधी वाढणार नाही इतक्या वेगाने वाढत असतो. तो बघायचा.

ही थोडं थोडं वाढवायची पद्धत काही मी शोधलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात थॉमस डीलॉर्म नावाचे अमेरिकन लष्करी डॉक्टर होते, गुडघ्याला मार लागलेले सैनिक त्यांच्याकडे असायचे, आणि तेव्हा अशा पेशंटला जड वजन द्यायचं नाही अशीच समजूत होती. डीलॉर्म स्वतः तरुणपणी मोठ्या आजारातून वजनं उचलून उभे राहिलेले, त्यामुळे त्यांनी सैनिकांना जड वजन दिलं आणि झेपेल तसं वाढवत नेलं, आणि माणसं लवकर सुधारली. पुढे त्यांनी दहा-दहाच्या तीन सेटची पद्धत बसवली, आधी निम्म्या वजनाने, मग पाऊण, मग पूर्ण. आज कुठल्याही जिममध्ये 'तीन सेट दहा रेप' म्हणतात त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे. माझे गुडघे जिना उतरताना कटकट करायचे, स्क्वॉट करायला लागल्यावर सहा-सात महिन्यांत दुखणं गेलं, म्हणून मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

करायचं काय ते सांगते, माझ्या सरांनी मला जे दिलं तेच. एक दिवस स्क्वॉट, बेंच (बाकावर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलायचा), डेडलिफ्ट. दुसऱ्या दिवशी स्क्वॉट, खांद्यावरून डोक्यावर प्रेस, आणि रोइंग, म्हणजे वाकून बार पोटाकडे ओढायचा. हेच आलटून पालटून. पाच-पाच रेपचे तीन सेट, डेडलिफ्टचा एकच सेट. आधी रिकामा बार, मग थोडं, मग अजून थोडं असं गरम होत जायचं, आणि जड सेटच्या मध्ये पूर्ण तीन मिनिटं बसायचं. धाप लागली म्हणजे व्यायाम झाला असं आपल्याला वाटत असतं, इथे तसं नाही, इथे पुढचा सेट नीट झाला पाहिजे. एकाच वजनाला तीनदा अडलात तर दहा टक्के कमी करून परत चढत यायचं.

डेडलिफ्ट कशी वाटते ते सांगते, कारण मला सगळ्यात जास्त तीच आवडते. बार पावलाच्या मधोमध येईल असं उभं राहायचं, नडगीपासून दोन बोटांवर. वाकून धरायचा, नडगी बारला टेकवायची, छाती वर, पाठ सरळ. मग पोटात श्वास भरायचा, छातीत नाही, पोटात, आणि कुणी आता पोटात बुक्की मारणार आहे असं पोट घट्ट करायचं. आणि बार ओढायचा नाहीच, पायांनी जमीन खाली ढकलायची. क्षणभर काहीच हलत नाही. प्लेटी बारवर खट्ट करून बसतात, बार किंचित वाकतो आणि मग सुटतो. तो सुटण्याचा जो क्षण आहे ना, १०० किलो पहिल्यांदा सुटले तेव्हा मी बार खाली ठेवला आणि रडले, सर काही बोलले नाहीत, वही उघडून माझ्या हातात पेन दिलं.

चूकही सांगते. सातव्या महिन्यात माझी ७० ची डेडलिफ्ट नीट होत होती, त्या दिवशी सर नव्हते, शेजारचा मुलगा म्हणाला काकू ८० लावा, मी व्हिडिओ काढतो, आणि मी लावले. अडीचची शिस्त मोडून एकदम दहा. बार वर आला पण पाठ गोल झाली आणि कंबर धरली ती तीन आठवडे. परत ४० पासून सुरू केलं. जड उचलल्याने पाठ जात नाही हो, पाठ तयार नसताना उचलल्याने जाते. स्क्वॉट करताना रॅकच्या सेफ्टी (बार सुटला तर अडवणाऱ्या आडव्या दांड्या) लावायच्या आणि बेंच एकट्याने कधीच करायचा नाही, आणि बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच, कारण श्वास रोखून जोर लावला की तेवढ्यापुरतं बीपी चांगलंच चढतं.

त्याच वर्षी, २०२२ च्या जुलैमध्ये, आमच्या सांगलीचा संकेत सरगर बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात उतरला होता. वडिलांची पानटपरी, साधं घर. त्याचा खेळ वेगळा, स्नॅच (बार एका झटक्यात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर), पण तो शनिवार मी विसरणार नाही. स्नॅचमध्ये ११३, जर्कमध्ये १३५, एकूण २४८, आणि मग पुढचा जर्क करतानाच उजव्या कोपराला दुखापत झाली. मलेशियाच्या खेळाडूने २४९ केले. एका किलोने गोल्ड गेलं, सिल्व्हर आलं, भारताचं त्या स्पर्धेतलं पहिलं मेडल. तोपर्यंत मला सव्वा किलोच्या प्लेटी लावायची थोडी लाज वाटायची, त्या दिवसापासून नाही वाटली.

जेवणाचं थोडक्यात. आपल्याला वाटतं डाळ खातो म्हणजे प्रोटीन खातो. पातळ आमटीच्या वाटीत पाच-सहा ग्रॅम असेल. ताकद वाढवायची तर वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास धरा, म्हणजे मला शंभर-एकशेदहा लागतं. एका अंड्यात सहा, ५० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत २५ च्या वर, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराएक. मी सकाळी चार अंडी, दुपारी डब्यात भाकरीबरोबर मटकी नाहीतर सोयाबीन वड्यांची भाजी, घरी चक्का बांधून ठेवते तो संध्याकाळी, आणि रविवारी मटण असतंच. श्रावणात अंडी बंद असतात तेव्हा व्हे पावडर (दुधातल्या प्रोटीनची) घेते. उपवासाला साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच, त्या दिवशी दाणे, दही, दूध वाढवायचं. भात-भाकरी सोडू नका, उपाशी माणसाच्याने बार उचलत नाही. तुमचं वजन ९४ आहे तर तेल, फरसाण आणि दिवसभराच्या चहातली साखर कमी केलीत तरी पहिले काही महिने पुरे.

आणि झोप. रात्री साडेपाच तास झोपून मी दोन महिने एकाच आकड्यावर अडकले होते, सात तास झोपायला लागले आणि आकडा हलला. तेव्हापासून वहीच्या कोपऱ्यात झोपेचे तास पण लिहिते.

घरच्यांचं म्हणाल तर सासूबाईंनी सुरुवातीला वर्षभर नावं ठेवली, गर्भाशय खाली येईल इथपर्यंत बोलल्या. त्यांना मागच्या दिवाळीआधी पलंगाखालची ट्रंक काढायची होती, आत पितळेची सगळी भांडी, मी पाठ सरळ ठेवून ओढली, उचलली आणि ओट्यापाशी नेऊन ठेवली. काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री माझ्या ताटात त्यांनी स्वतःहून दोन अंडी जास्त वाढली. आता ७१ व्या वर्षी रोज सकाळी खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठतात-बसतात, मीच शिकवलं, आणि किती झाले ते मला फोन करून सांगतात, ते पण वहीत लिहिते.

एक राहिलं. तुमच्या जिममधला बार आधी वजनकाट्यावर मोजून घ्या, सगळेच २० चे नसतात, ८ चे, १० चे, १५ चे पण ठेवलेले असतात आणि कुणाला ते माहीत नसतं. सव्वा किलोच्या प्लेटी नसतील तर जोडी स्वतःची घ्या, बॅगेत मावते. फुगीर सोलचे रनिंग शूज घालून स्क्वॉट करू नका, पाय डगमगतो, साधे सपाट कॅनव्हासचे बूट चालतात. आणि पहिल्या दिवशी वहीत रिकामा बार असला तरी त्याचा आकडा लिहा, २० तर २०.