लाल चौकोन पिवळा करण्याआधी

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. चाकणला नोकरीला लागून तुला जेमतेम आठ महिने झाले आणि इतक्यातच हा प्रसंग आला. नग धरून ठेवणारं फिक्स्चर झिजल्यामुळे रिजेक्शन वाढलं, तू महिन्याच्या आढाव्याच्या तक्त्यात तो चौकोन लाल, म्हणजे बिघाडाचा, केलास, आणि साहेब म्हणाले, "लाल कशाला? पिवळा ठेव, पुढच्या महिन्यात सुटतंय." आता काय करू, असं तू विचारतेस. त्याच मेसेजच्या शेवटी, ट्रेनींच्या कार्यक्रमात हेन्री फोर्डवर दहा मिनिटं बोलायचंय, मुद्दे द्याल का, असंही आहे. तुला हे दोन प्रश्न वाटतात. मला ती एकाच दोरीची दोन टोकं वाटली. फोनवर हे नीट जमलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

फोर्डवर बोलणारा प्रत्येक जण असेंब्ली लाइनपासून सुरू करतो. तूही कर, पण मोटारीऐवजी मॅग्नेटोपासून, म्हणजे इंजिनाला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागापासून, कर. डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलँड पार्क कारखान्यातली १९१३ मधली गोष्ट. फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या फ्लायव्हीलमधला (इंजिनाच्या जड चाकातला) मॅग्नेटो एकेक कामगार बाकावर अख्खा जुळवायचा, एकाला साधारण २० मिनिटं लागायची. ते काम २९ जणांत वाटलं. प्रत्येकाने एकदोन नट आवळायचे आणि वस्तू शेजाऱ्याकडे सरकवायची. वेळ आला १३ मिनिटं १० सेकंदांवर. मग लक्षात आलं की माणसं वाकून वाकून काम करतायत, म्हणून लाइनची उंची ८ इंचांनी वाढवली. वेळ ७ मिनिटांवर आला. पुढे साखळी बसवली आणि १४ माणसांत ५ मिनिटांत मॅग्नेटो तयार. या सगळ्यात मला ते ८ इंच फार आवडतात. ते सुचायला कुणीतरी लाइनशेजारी उभं राहून माणसांच्या कमरेकडे बघितलं असणार.

मोटारीच्या सांगाड्याचंही तसंच. आधी दोरी बांधून विंचने तो जमिनीवरून ओढत नेऊन बघितला. साडेबारा तासांचं काम १९१४ च्या एप्रिलपर्यंत १ तास ३३ मिनिटांत व्हायला लागलं. ही कल्पना हेन्रीला एका रात्रीत सुचली असं मात्र स्लाइडवर लिहू नकोस. शिकागोच्या कत्तलखान्यांत जनावराचं धड टांगून पुढे सरकवत त्याचे तुकडे करणारी साखळी आधीपासून होती, आणि विल्यम क्लान नावाचा फोर्डचा फोरमन ती बघून आला होता. हेन्रीचं श्रेय हे की त्या काळात तो आपल्या माणसांना करून बघू देत होता.

पाच डॉलरच्या पगाराचं तू विचारलंयस. ५ जानेवारी १९१४ ला दिवसाचा पगार सुमारे २.३४ डॉलरवरून ५ वर नेला आणि पाळी ९ तासांची ८ केली. यात दानशूरपणा शोधू नकोस. लाइनवरचं एकसुरी काम लोकांना सहन होत नव्हतं. १९१३ मध्ये सुमारे १४ हजार माणसं टिकवायला त्यांना ५० हजारांवर भरती करावी लागली होती. शिवाय पाच डॉलर सरसकट नव्हते. निम्मी रक्कम 'नफ्यातला वाटा' म्हणून, आणि त्यासाठी कंपनीचे इन्स्पेक्टर घरी येऊन बघणार: दारू पितो का, घर स्वच्छ आहे का, पैसे साठवतो का. तुझ्या होस्टेलवर एचआरवाले कपाट तपासायला आले तर तुला कसं वाटेल, तसं.

आता मुद्द्यावर येतो. हेन्रीच्या या आधीच्या दोन कंपन्या फसल्या होत्या. तिसरी १६ जून १९०३ ला निघाली, २८,००० डॉलर रोख भांडवलावर. महिन्याभरात बँकेत २२३ डॉलर ६५ सेंट उरले, तेव्हा कुठे शिकागोच्या एका डॉक्टरची ८५० डॉलरची पहिली ऑर्डर आली. हिशेब बघायला जेम्स कूझन्स होता, एका कोळसा व्यापाऱ्याकडचा कारकून. हेन्रीला गाडी सतत सुधारायची असायची, आणि कूझन्स म्हणायचा, आधी विका. दोघांची खडाजंगी व्हायची. माझ्या मते कंपनी उभी राहिली ती या भांडणांवर. पाच डॉलरच्या निर्णयातही त्याचा मोठा हात होता. १९१५ मध्ये तो राजीनामा देऊन गेला. तुझ्या भाषणात त्याला एक मिनिट दे, कारण त्याचं नाव कुणी घेत नाही.

तो गेला आणि 'नाही' म्हणणारी माणसं एकेक करून कमी होत गेली. खरं तर चिन्हं आधीच दिसली होती. १९१२ मध्ये हेन्री युरोपला गेला असताना त्याच्या माणसांनी मॉडेल टीची थोडी ठेंगणी, सुधारलेली आवृत्ती बनवून ठेवली. लाल रंगाची. साहेब खूश होतील अशी त्यांची समजूत. हेन्री खिशात हात घालून तिच्याभोवती तीनचारदा फिरला आणि मग त्याने दारं उपटली, काच फोडली, हातांनी गाडीची वाट लावली, अशी आठवण त्या काळच्या माणसांनी सांगून ठेवली आहे. त्या खोलीत उभ्या असलेल्या इंजिनिअरांनी त्या दिवशी काय धडा घेतला असेल, याचा विचार कर.

१९१९ मध्ये हेन्रीने बाकीच्या भागधारकांचे सगळे शेअर विकत घेतले. आता घरच्यांपलीकडे कुणाला उत्तर द्यायचं राहिलं नाही. ठिकठिकाणी असेंब्लीचे कारखाने उभारणारा विल्यम नुड्सन १९२१ मध्ये गेला, पुढच्या वर्षी जनरल मोटर्समध्ये लागला, आणि तिथे शेवरोले या गाड्यांच्या विभागाचा प्रमुख झाला. १९२६ च्या जानेवारीत कंपनीतल्याच अर्नेस्ट कान्झलरने सहा पानी टिपण हेन्रीला दिलं. भाषा अतिशय अदबीची, मजकूर एवढाच: मॉडेल टी जुनी झाली, गिऱ्हाईक आपल्या हातून निसटतंय. कान्झलर कुणी परका नव्हता, हेन्रीचा मुलगा एड्सेल याचा साडू होता. काही महिन्यांतच त्याला घालवलं.

टिपणातला शब्दन् शब्द खरा होता. मॉडेल टीच्या रनअबाउटची, म्हणजे दोन आसनी उघड्या गाडीची, किंमत ८२५ डॉलरवरून २६० पर्यंत उतरली होती, पण लोकांना आता नुसती स्वस्त गाडी नको होती. रंग हवा होता, जरा रुबाब हवा होता, आणि जनरल मोटर्स हप्त्यांवर गाड्या देत होती. २६ मे १९२७ ला दीड कोटीवी मॉडेल टी लाइनवरून उतरली. त्यानंतर ती बंद, आणि गंमत बघ, पुढची गाडी तयारच नव्हती! अमेरिकेतली सगळ्यात मोठी मोटार कंपनी नवं मॉडेल आखत महिनोन् महिने जवळजवळ ठप्प आणि हजारो कामगार घरी. मॉडेल ए डिसेंबरात आली. त्या वर्षी विक्रीत शेवरोले पुढे निघून गेली होती, म्हणजे नुड्सनची शेवरोले.

एड्सेलबद्दल मला नेहमी वाईट वाटतं. कागदोपत्री कंपनीचा अध्यक्ष, पण बापापुढे काही चालायचं नाही. हायड्रॉलिक ब्रेक घ्या म्हणून तो वर्षानुवर्षं सांगत होता. क्रायस्लरच्या प्लिमथ गाडीला ते १९२८ पासूनच होते. फोर्डच्या गाडीला ते मिळाले १९३९ च्या मॉडेलला. १९४३ मध्ये एड्सेल ४९ व्या वर्षी कॅन्सरने गेला. तोवर कंपनीची अवस्था अशी की हिशेब खात्यात बिलांचे गठ्ठे वजनकाट्यावर टाकून रकमेचा अंदाज काढत, असं सांगतात. शेवटी १९४५ मध्ये २८ वर्षांच्या नातवाने, दुसऱ्या हेन्रीने, सूत्रं हातात घेतली. युनियनवाल्यांना झालेली मारहाण, ज्यूंविरुद्धचं आजोबांचं साप्ताहिक, मस्टँग, ल मान्सची शर्यत, हे सगळं तुझ्या दहा मिनिटांत बसणार नाही. पण निदान साप्ताहिकाचं एक वाक्य तरी बोल. थोरांच्या गोष्टीतून असलं काही वगळायची आपल्याला फार सवय आहे.

आता माझं ऐक. १९९६ च्या सुमारास नाशकात सातपूरला महिंद्राच्या कारखान्यात फोर्डची एस्कॉर्ट बनायला लागली, तेव्हा गावभर कौतुक होतं. मी मात्र अंबडमध्ये एका छोट्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो, त्या गाडीशी आमचा संबंध नव्हता. आम्ही दुसऱ्याच कुणाला ब्रॅकेट पुरवायचो. महिनाअखेर होती, टेम्पो दारात उभा. मी ब्रॅकेटच्या बोअरला, म्हणजे भोकाला, माप तपासायचा प्लग गेज लावला. त्याची गो बाजू आत गेली पाहिजे, नो-गो अडली पाहिजे, एवढं तुला ठाऊक आहे. नो-गो सुळकन आत गेली. दुसरा नग घेतला, तीही गेली. सुपरवायझर म्हणाला, "वीस मायक्रॉनने काय होतंय? ओके मार." मी मारला. चारशे नग गेले आणि पाचव्या दिवशी तेच चारशे नग त्याच टेम्पोतून परत आले, सोबत गिऱ्हाइकाचा माणूस. रिपोर्टवर सही माझी होती. सुपरवायझर त्या दिवशी रजेवर! नोकरी वाचली, पण पुढे वर्षभर माझा प्रत्येक रिपोर्ट दुसरं कुणीतरी पुन्हा तपासायचं.

माझं निभावलं, कारण ब्रॅकेटच होतं. पिंटोचं तसं नव्हतं. सत्तरच्या दशकातली फोर्डची ही छोटी गाडी. पेट्रोलची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे, आणि मागून धडक बसली की पेट घेण्याचा धोका. लोक जळून मेले. १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. नेटवर तुला एक तक्ता दिसेल, माणसाच्या जिवाची किंमत २ लाख डॉलर धरलेला, 'पिंटोचा गुप्त हिशेब' म्हणून. तो सरकारी यंत्रणेला पाठवलेला कागद होता, देशातल्या सगळ्याच गाड्यांचा आणि गाडी उलटल्यावरच्या आगीचा. तो पुरावा म्हणून वापरू नकोस. टाकीची जागा पुरेसा पुरावा आहे.

आणि आता तुझा तक्ता. २००६ च्या सप्टेंबरात बोइंगमधून अ‍ॅलन मलाली फोर्डचा प्रमुख म्हणून आला. त्या वर्षी कंपनीचा तोटा १,२०० कोटी डॉलरवर गेला. दर गुरुवारी सकाळी आढावा, प्रत्येकाच्या तक्त्यात हिरवा, पिवळा, लाल. आठवड्यामागून आठवडे सगळं हिरवंगार. त्याने विचारलं, एवढा तोटा होतोय आणि कुठेच काही बिघडलेलं नाही? शेवटी अमेरिकेतला धंदा बघणाऱ्या मार्क फील्ड्सने एक चौकोन लाल करून आणला. कॅनडातल्या ओकव्हिलच्या कारखान्यात एज ही नवी गाडी बाहेर पडायच्या बेतात होती, आणि त्याने ती थांबवून धरली होती. खोलीत सन्नाटा. बाकीच्यांना वाटलं, हा गेला. मलालीने टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, याला कोण मदत करू शकेल? लगेच दोघातिघांनी हात वर केले. पुढच्या काही आठवड्यांत तक्ते रंगीबेरंगी झाले. २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दिवाळखोरीत गेल्या, फोर्ड गेली नाही. त्यामागे आधीच काढून ठेवलेलं कर्जही होतं, २,३०० कोटी डॉलरहून जास्त, त्यासाठी निळा लोगोसुद्धा गहाण. एकट्या लाल चौकोनाने कंपनी वाचली असं मी म्हणणार नाही. (२००८ मध्ये जग्वार-लँड रोव्हर टाटांना विकली तीही याच काळात. त्यावरून टाटांनी जुन्या अपमानाचा सूड उगवल्याची जी कथा फॉरवर्ड होते, ती भाषणात नको. त्यांना रोकड हवी होती.)

तुझे साहेब मलाली निघतीलच असं नाही. कान्झलरलाही टाळ्या मिळाल्या नाहीत. म्हणून जरा शहाणपणाने कर. भर मीटिंगमध्ये साहेबांना तोंडघशी पाडू नकोस. आदल्या संध्याकाळी त्यांच्या टेबलाशी जा, दोन बाद नग हातात घेऊन. लाल चौकोनाशेजारी तीन ओळी लिहून ने: रिजेक्शन कोणत्या तारखेपासून किती, फिक्स्चरचा कोणता लोकेटर (नग जागेवर बसवणारा टेकू) किती झिजलाय, आणि टूलरूमकडून तुला नेमकं काय, किती तासांसाठी हवंय. बऱ्याचदा साहेबांना लाल रंगाची भीती नसते, "मग तुम्ही काय केलंत?" या वरच्या प्रश्नाची असते. त्या प्रश्नाचं उत्तर तू त्यांच्या हातात दे. तरीही पिवळाच कर म्हणाले, तर त्यांना म्हण, "सर, रंग तुम्ही ठरवा, पण आकडा आहे तोच राहू द्या." आकड्याला हात लावायचा नाही. रात्रपाळीच्या ऑपरेटरलाही एकदा विचार; फिक्स्चर कधीपासून हलतंय हे त्याला तुझ्याआधी ठाऊक असणार.

भाषणाचा कच्चा मसुदा रविवारपर्यंत पाठव, बघून देतो. मेसमध्ये जेवण बरं मिळतं ना? आईबाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका